बोकडाची उडी

लोटन सोनवणे तोंडाचा फटकळ, हे धुळ्याच्या देवपुरात सगळ्यांना ठाऊक होतं. तो एका फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर होता. कुणी वाढदिवसाचा बॅनर करायला यायचा आणि म्हणायचा, "मागं वाघ टाका, वर गरुड टाका, बाजूला दोन तलवारी टाका." लोटन मान वर न करता विचारायचा, "आणि भाऊंचा फोटो कुठं टाकू? जागा उरली तर सांगतो." गिऱ्हाईक हसायचं, मालक कपाळाला हात लावायचा. पण बॅनर देखणा व्हायचा, म्हणून लोटनचं बोलणं वीस वर्षं खपून गेलं.

गाव त्याचं शिंदखेड्याच्या पलीकडचं. बारावी झाल्यावर धुळ्यात डीटीपीचा कोर्स केला आणि त्या दुकानात चिकटला तो चिकटलाच. आई भिकुबाई गावीच राहिली. देवपुरातल्या दोन खोल्यांत लोटन आणि त्याची बायको शीतल, दोघंच. शीतल अंगणवाडीत जायची. लोटनला पान नाही, तंबाखू नाही. त्याला एकच नाद होता, मोबाइलवरचे गेम बनवायचा. खेळायचा नव्हे, बनवायचा. पहाटे साडेपाचला उठायचं, चहा घ्यायचा आणि दुकान उघडेपर्यंत जुन्या लॅपटॉपवर बसायचं. शिकवणारं कुणी नव्हतं. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि व्हिडिओ बघून बघून शिकला.

त्याच्यासारखेच वेडे आणखी होते. जळगावात भूषण वाणी कॉम्प्युटरचे क्लास चालवायचा. त्याने हौशी गेमवाल्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला होता, 'खान्देश गेम कट्टा'. त्यात एक बँकेतला कारकून, एक झेडपीचा मास्तर, इंजिनिअरिंगची चार-सहा पोरं. महिन्यातून एका रविवारी भूषणच्या क्लासात सगळे जमायचे. नियम एकच होता. एकाने आपला गेम दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि मागे तोंड शिवून बसायचं. खेळणारा अडखळला, चुकला, भलतीकडे गेला तरी "अरे इकडून नाही, तिकडून" असं म्हणायचं नाही. खेळून झालं की खेळणाऱ्याने सांगायचं, कुठं मजा आली, कुठं अडलो, काय बदलावं. मग उलटं. त्याचा गेम याने खेळायचा.

या कट्ट्यावर लोटनच्या अभिप्रायाची दहशत होती. सगळे चार ओळी लिहायचे, तो दोन-दोन पानं लिहायचा. पोरं घाबरायची आणि त्याच्याकडेच गेम पाठवायची, कारण लोटनभाऊने झोडपलेला गेम पुढच्या महिन्यात सुधारलेला असायचा. अपवाद एकच झाला. जळगावातल्या पिंप्राळ्याच्या मोहिनी नेहेते. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, माहेर सावद्याचं. त्यांनी एक गेम पाठवला होता. केळीचा मळा, वारा, पाणी सोडायचं, वाळलेली पानं कापायची, बस. लोटनने सगळ्यांसमोर लिहिलं, "ताई, हा गेम नाही, हे वॉलपेपर आहे. इथं कुणी येत नाही, कुणी जात नाही, काही होत नाही. खेळणाऱ्याचा वेळ फुकटचा नसतो." खाली आणखी दोन पानं. मोहिनीताईंनी उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी त्या ग्रुपमधून निघून गेल्या. लोटन म्हणाला, "खरं सोसत नसेल तर दाखवायचं कशाला?" आणि तो विषय त्याने डोक्यातून काढून टाकला.

त्यानंतर त्याने स्वतःचा मोठा गेम हाती घेतला. अहिराणीत नाव ठेवलं, 'पय रे बोकड्या', म्हणजे पळ रे बोकडा. नवसाचा बोकड दावं तोडून पळतो, मागे माणसं लागतात, आणि तो लळिंगच्या किल्ल्यासारख्या एका डोंगराच्या कड्याकपारींवरून उड्या मारत वर जातो. डाव्या अंगठ्याने पळवायचा, उजव्या अंगठ्याने उडवायचा. अंगठा जितका वेळ दाबून धराल तितकी उडी लांब. साधाच खेळ, पण त्यातली उडी लोटनने आठ महिने घासली होती. कोडमध्ये सहा आकडे होते. एखादा आकडा अठ्ठ्याहत्तरचा एकोणऐंशी करायचा, खेळायचं, परत अठ्ठ्याहत्तर करायचा. शेवटी अशी जमली की कट्ट्यावरची पोरं फोन सोडेनात. बँकेतला कारकून म्हणाला होता, "लोटनभाऊ, बोकड उडत नाही हो, आपलंच मन उडतं." लोटनने ते वाक्य हसण्यावारी नेलं, पण घरी येऊन शीतलला सांगितलं.

आणि गेल्या वर्षी चैत्रात, सकाळी अकराच्या सुमारास, दुकानात त्याच्या हातातून माउस सुटला. उचलायला गेला तर हातच आला नाही. मांडीवरचा फोन फरशीवर पडून फुटला. मालकाला हाक मारायला तोंड उघडलं, तर ओठ एका बाजूला गेले आणि शब्दाच्या जागी नुसता आवाज आला.

मेंदूत गुठळी अडकली होती. वय एकोणचाळीस. बोलणं पंधरा दिवसांत परत आलं, पाय तीन महिन्यांत बराचसा आला. उजवा हात मात्र आला नाही. खांदा थोडा हलायचा, कोपर थोडं, पण बोटं मुठीत मिटलेली ती मिटलेलीच. डॉक्टर म्हणाले, "व्यायाम सोडू नका. साधारण वर्षभरात जे परत येईल ते आपलं." लोटनने ते वाक्य तारखेसारखं धरलं. गावाहून भिकुबाई येऊन राहिली. ती रोज तेल चोळायची, एकेक बोट सोडवायची आणि म्हणायची, "बठ्ठं ठीक व्हई जाई, भाऊ. चिंता नको करू." तिने सोडवलेलं बोट हात काढला की परत मिटायचं.

दुकानाच्या मालकाने त्याला काढलं नाही. लोटन डाव्या हाताने माउस धरायला शिकला. पूर्वी तासात होणारा बॅनर दिवसभर चालायचा. गिऱ्हाइकांना तो आता काही बोलायचा नाही. वाघ म्हटलं की वाघ टाकायचा.

पण खरा घात पुढे झाला. गेम नव्या फोनवर चालेना, म्हणून सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्यावी लागली, आणि ती घेतल्याबरोबर बोकडाची उडी बिघडली. दुसऱ्याच कड्याला तो अलीकडे पडायला लागला. जुनी फाइल होती, पण ती फक्त त्या फुटलेल्या फोनवरच चालायची. लोटनने सहा आकडे समोर घेतले. डाव्या हाताने एकेक बदलायला लागला. बोकड कड्यावर पोचतो की नाही हे डोळ्यांना दिसत होतं. पण उडी बरोबर आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, ते अंगठ्याला कळतं. डावा अंगठा पळवण्यात गुंतलेला. उजवा अंगठा मुठीत. आपणच बनवलेला गेम त्याला खेळता येत नव्हता.

त्याने फोन पोटाशी धरून उजव्या हाताची मूठच पडद्यावर आपटून पाहिली. फोन टेबलावर ठेवून डाव्या हाताच्याच दोन बोटांनी पाहिलं. नाकाने पाहिलं. एकदा शीतल दारात उभी होती, तिने नाकाने खेळणारा नवरा पाहिला आणि काही न बोलता परत फिरली. तिच्या खांद्यांवरून लोटनला कळलं, की ती स्वयंपाकघरात रडते आहे.

मग त्याने तिलाच बसवलं. शीतलने आयुष्यात गेम खेळलेला नव्हता. अंगणवाडीतून थकून यायची, पदर खोचून बसायची आणि फोन ताटासारखा दोन्ही हातांत धरायची.

"कशी वाटते उडी?"

"उडतोय की."

"उडतोय ते मलाही दिसतंय. हाताला कसं लागतं? जड लागतं? हलकं? उशिरा उडतो का?"

"अहो, मला काय कळतंय त्यातलं. छान उडतोय."

"छान म्हणू नको!" लोटन इतक्या जोरात ओरडला की भिकुबाई आतून धावत आली. "मला छान नको. तुझा अंगठा काय म्हणतो ते सांग!"

शीतलने फोन हळूच खाली ठेवला. म्हणाली, "माझा अंगठा म्हणतो, दिवसभर तीस पोरांची नाकं पुसली, आता निजू द्या." आणि उठून गेली. ती खरं तेच बोलली होती, हे लोटनला समजत होतं. पण त्याच्या कामाचं ते खरं नव्हतं.

राहिला कट्टा. त्याने ग्रुपवर गेम टाकला आणि लिहिलं, "उडी परत बसवतोय. कृपा करून बारकाईनं सांगा. झोडपा." तासाभरात उत्तरं आली. 'दादा, एक नंबर!' 'तुमच्या जिद्दीला सलाम.' 'प्रेरणादायी.' हात जोडलेली चित्रं, फुलं. झेडपीच्या मास्तरांनी तर त्याच्यावर चार ओळींची कविता केली. एकाने मायेने सुचवलं, की एका हाताने खेळता येईल असा काही सोपा गेम करा ना, तुम्हालाही बरं पडेल. लोटनने फोन पालथा घातला. ज्या पोरांना त्याने दोन-दोन पानं झोडपलं होतं, त्यातल्या कुणाला उडीबद्दल बोलायला दोन ओळी मिळाल्या नव्हत्या.

मग त्याने एक खोडी काढली. तिसऱ्या कड्याच्या तोंडाशी एक अदृश्य भिंत घातली. कुणीही काहीही केलं तरी बोकड तिथून पुढे जाणार नाही, आपटून खाली पडेल. तो गेम पाठवला आणि लिहिलं, "आता पूर्ण झाला. शेवटपर्यंत खेळून सांगा."

तीन दिवसांत आठ जणांनी सांगितलं. 'पूर्ण खेळलो दादा, मस्त.' 'उडी आता पर्फेक्ट.' एकाने लिहिलं होतं, 'शेवटच्या कड्यावर तर अंगावर काटा आला.'

लोटनने ती आठ उत्तरं पुन्हा पुन्हा वाचली. हात गेला तेव्हा तो रडला नव्हता. आता लॅपटॉपसमोर बसल्या बसल्या त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, आणि ते पुसायलाही त्याने हात उचलला नाही.

चौथ्या दिवशी भूषणचा फोन आला. "लोटनभाऊ, मी काही लिहिलं नाही ग्रुपवर."

"का?"

"खरं सांगू? उघडलाच नाही मी गेम. धीर होत नाही. वाईट निघाला तर तुम्हाला काय सांगणार?"

"वाईट निघाला तर वाईट म्हण."

"आधीसारखं नाही ना म्हणता येत आता," भूषण म्हणाला.

लोटनने फोन ठेवला. वर्ष भरायला दीड महिना राहिला होता. बोटं मिटलेली होती. आपली कीव न करणारा माणूस कुठं मिळेल, याचा विचार करता करता त्याला एकच नाव सुचलं. ज्या बाईचं त्याने वाईट केलं होतं, तिला त्याच्याशी गोड बोलायचं काही कारण नव्हतं.

भूषणकडून नंबर घेऊन त्याने मोहिनी नेहेत्यांना फोन लावला. आपलं नाव सांगितलं. लोटनने आढेवेढे घेतले नाहीत. झटका आला, हात गेला, उडी बिघडली, कुणी खरं सांगत नाही, एवढं सांगितलं.

"माझ्याकडेच का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही मला सोडणार नाही म्हणून."

मग त्या म्हणाल्या, "रविवारी दुपारी या. आणि येताना तुम्ही मला जे लिहिलं होतं ते वाचून या."

धुळ्याहून जळगाव अडीच तास. पारोळ्यापर्यंत लोटनने ती दोन पानं एकदा वाचली आणि त्याला आपलं लिहिणं आवडलं. पारोळ्याला पुन्हा वाचली. एरंडोल सोडलं तेव्हा तिसऱ्यांदा वाचत होता, आणि त्याला पहिल्यांदाच असं वाटलं, की यात मळ्याबद्दल फार थोडं आहे, बहुतेक सगळं लोटन सोनवणेबद्दलच आहे.

पिंप्राळ्यातल्या घराचं दार मोहिनीताईंच्या सासूबाईंनी, झुंबरबाईंनी उघडलं. पाणी देण्याआधीच त्यांनी विचारलं, "हाताले काय झालं हो भाऊ?" वर्षभरात इतकं सरळ कुणी विचारलं नव्हतं. त्याने सांगितलं. "आमच्या दिरालेही असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. बरं झालं की नाही ते सांगितलं नाही, आणि चहा टाकायला गेल्या.

मोहिनीताई लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला शोभेल अशाच होत्या, नीटनेटक्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आपला फोन लोटनसमोर ठेवला.

"आधी माझा खेळा. पूर्ण."

"एका हातानं..."

"एका बोटानं चालतो. तेव्हाही चालत होता."

कट्ट्याच्या नियमाप्रमाणे त्या मागे जाऊन बसल्या. लोटनने केळीच्या मळ्याला पाणी सोडलं. वाळलेली पानं कापली. वारा आला, पानं फाटली. त्याने पुन्हा पाणी सोडलं. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. आठ मिनिटं झाली, नऊ झाली. अकराव्या मिनिटाला बांधावर एक म्हातारा आला. धोतर, डोक्याला टॉवेल. तो बोलला नाही, काही मागितलं नाही. बांधावर बसला आणि मळ्याकडे पाहत राहिला. लोटनने हातातलं काम थांबवलं. थोड्या वेळाने म्हातारा उठला, धोतर झटकलं आणि गेला.

लोटनने फोन खाली ठेवला. मागे वळून बघायची त्याची हिंमत होईना.

"वडील?" त्याने विचारलं.

"उखर्डूनाना म्हणायचे त्यांना. रोज संध्याकाळी यायचे, असेच बसायचे." मोहिनीताईंचा आवाज सपाट होता. "तेव्हा तुम्ही किती मिनिटं खेळला होतात?"

"सहा-सात."

"आणि लिहिलंत किती?"

"दोन पानं." लोटन आता मागे वळला. "ताई, माझं..."

"माफी नका मागू. खेळलात ना आता? मग सांगा."

लोटनने थोडा विचार केला. "म्हातारा लवकर उठतो. तो आला की खेळणारा थांबतो, मीही थांबलो. मग खेळणारा थांबेल तितका वेळ त्यानं बसावं. आपण कामाला लागलो की मग जावं."

मोहिनीताईंनी आपला फोन परत घेतला. "सूचना चांगली आहे," त्या म्हणाल्या, "पण मी बदलणार नाही. ते आमच्यासाठी थांबले नाहीत."

मग त्यांनी लोटनचा फोन घेतला. गेममधली ती अदृश्य भिंत त्याने काढून टाकलेली होती. आता मागे तोंड शिवून बसायची पाळी लोटनची होती. ताई दीड तास खेळल्या. बोकड पडला की परत, पडला की परत. चहा निवून साय आली. शेवटी फोन ठेवून त्या म्हणाल्या, "लिहून घेता का?"

"डाव्यानं सावकाश लिहितो."

"मग सावकाश सांगते." आणि त्यांनी सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. चौथ्यापासून नवव्यापर्यंतचे कडे एकच आहेत, फक्त रंग बदललेत, हे खेळणाऱ्याला फसवणं झालं. बोकडाचं ओरडणं पाचव्या वेळेला डोक्यात जातं. मागे लागलेल्या माणसांची भीती पहिल्या मिनिटानंतर वाटतच नाही. "आणि वर पोचल्यावर बोकड काय करतो?"

"काही नाही. गेम संपतो."

"खाली सुरी घेऊन माणसं, वर नुसता खडक. ना गवत, ना पाणी. म्हणजे वर जाऊन तो मरणारच की. हे तुम्हाला करायचं होतं?"

हे लोटनच्या मनातच आलं नव्हतं.

"आणि उडी?" त्याने विचारलं. तो एवढ्याचसाठी आला होता.

"उडी उशिरा आहे. अंगठा सुटल्यावर बोकड क्षणभर थांबतो, कुणाला तरी विचारून उडल्यासारखा. माझा अंगठा पुढच्या उडीला पोचलेला असतो, तो अजून मागच्याच उडीत."

लोटन सरसावून बसला. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याशी उडीबद्दल बोललं होतं. त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला. आकडा बदलायचा, गेम फोनवर चढवायचा, ताईंनी खेळायचं. "जास्त झाला." पुन्हा. "आता वजनच नाही त्याला, कागदाचा वाटतो." पुन्हा. "उठतो बरोबर, पडतो धोंड्यासारखा." झुंबरबाई एकदा डोकावून गेल्या आणि म्हणाल्या, "एकाच बोकडाले किती वेळ उडवता हो?" ऊन भिंतीवरून खाली उतरलं. लोटनचं डावं मनगट दुखून आलं. चाळीसच्या वर फेऱ्या झाल्या असतील. तेव्हा ताई पाच-सहा उड्या सलग खेळल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "ही."

"आधीसारखी झाली?"

"आधीची मी कुठं खेळले होते? माझ्या अंगठ्याला ही बरोबर वाटते, एवढंच मी सांगू शकते. तुमची कशी होती ते तुम्हालाच माहीत."

लोटनने आठवून पाहिलं. आठ महिने घासलेली ती उडी. त्याने मिटलेल्या मुठीकडे पाहिलं, जणू उत्तर तिच्यात असावं. दाबलं की कसं व्हायचं? सोडलं की कसं? हाताला सगळं पाठ होतं, म्हणून त्याने डोक्यात काहीच ठेवलं नव्हतं.

"मलाही आठवत नाही," तो म्हणाला. आणि ते म्हणताना त्याचा आवाज असा फुटला, की मोहिनीताईंनी तोंड फिरवलं आणि कप उचलून त्या आत गेल्या.

त्याने आकडे जतन केले. परतीच्या बसमध्ये तो फोनला हात न लावता बसून राहिला. उजवी मूठ मांडीवर ठेवलेली, डावी तिच्यावर.

चैत्र आला आणि गेला. वर्ष भरलं. बोटं उघडली नाहीत. भिकुबाईने तेल चोळणं थांबवलं नाही, पण 'ठीक व्हई जाई' म्हणणं थांबवलं. लोटनने ताईंनी दाखवलेल्या चुकांपैकी तीन सुधारल्या. सारखेच असलेले कडे काढून टाकले, गेम निम्मा झाला. डोंगराच्या माथ्यावर काय ठेवायचं ते मात्र त्याला सुचलं नाही, तिथं अजूनही खडकच आहे. ग्रुपवर त्याने अदृश्य भिंतीची गोष्ट सांगून टाकली. त्या आठांपैकी दोघांनी माफी मागितली, बाकीचे गप्प राहिले. मास्तर ग्रुप सोडून गेले. मोहिनीताईंना त्याने परत यायचं सुचवलं, त्या नाही म्हणाल्या.

पुढच्या बैठकीला लोटन जळगावला गेला. त्याचा गेम त्या दिवशी गोपाल नावाच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने खेळला. लोटन मागे बसला. खेळून झाल्यावर गोपाल चाचरला, भूषणकडे पाहिलं आणि मग म्हणाला, "भाऊ, राग नका मानू. उडी फार लवकर लागते. बोकड माझ्या आधी उडतो."

लोटनला मनातून बरं वाटलं, आणि लगेच मोहिनीताई आठवल्या. ताई म्हणाल्या होत्या 'ही बरोबर'. हा म्हणतो लवकर. पूर्वी असे दोन अभिप्राय समोरासमोर आले की तो फोन उचलायचा, दहा उड्या मारायचा आणि कोण खरं ते ठरवून टाकायचा. आता दोघंही खरे असतील, दोघंही खोटे असतील, आणि त्याला ते कधीच कळणार नव्हतं.

"तू म्हणतोस ते बरोबर असेल," तो शेवटी म्हणाला. "पण मी बदलत नाही. का, ते मला सांगता येणार नाही."

मग गोपालचा गेम खेळायची पाळी त्याची होती. घाटातून गाडी चालवायची, तीही दोन अंगठ्यांनी, डाव्याने वळवायची, उजव्याने ब्रेक. पोरगं घाईघाईने म्हणालं, "राहू द्या भाऊ, दुसरं कुणीतरी खेळेल." लोटनने मान हलवली. भूषणला शेजारी ओढलं आणि फोन दोघांच्या मध्ये धरला. "डावी बाजू माझी, उजवी तुझी. मी म्हणेन तेव्हा दाब."

गाडी सुटली. पहिल्याच वळणावर लोटन म्हणाला, "दाब," आणि भूषणने दाबेपर्यंत गाडी दरीत गेली. पुन्हा. "दाब. अरे, दाब म्हटलं ना!" पुन्हा दरी. कुणी हसलं नाही. एकविसाव्या वेळेला पहिलं वळण गेलं, चौतिसाव्याला दुसरं. तिसरं काही केल्या गेलं नाही. भूषणच्या कपाळावर घाम आला होता, लोटनचा चेहरा लाल झाला होता. शेवटी त्याने फोन खाली ठेवला, वही उघडली आणि डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत, पहिल्या दोन वळणांबद्दल पाच ओळी लिहिल्या. खाली लिहिलं, 'यापुढचा घाट मी पाहिलेला नाही, म्हणून त्याबद्दल काही म्हणत नाही.' पान फाडून त्याने गोपालच्या हातात दिलं.